गटाच्या संगणकाला नवी डिस्क घेताना

(सामुदायिक रेडिओवर जळकोटहून झालेलं भाषण)

जळकोटच्या आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांवरच्या गटांच्या अध्यक्ष, सचिव, सीआरपी ताई आणि भाकरी थापता थापता रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्या जणी, तुम्हाला आमच्या गटांतर्फे नमस्कार.

आजचा विषय आहे संगणकाची डिस्क. नाव ऐकून रेडिओ बंद करू नका. शिलाई मशीन घ्यायचं असो की मिरची कांडपाची गिरणी, आपण चार दुकानं फिरतो. मोटार किती एचपीची, गॅरंटी किती, बिघडली तर माणूस येईल का, सगळं विचारतो. संगणकाचं काही घ्यायचं म्हटलं की मात्र आपली बोलती बंद होते. दुकानदार म्हणेल ते घेऊन येतो. पैसे तर महिन्याला शंभर-दोनशे करून जमवलेले, सगळ्या जणींचे असतात. म्हणून जशी गिरणी पारखतो, तशी डिस्क कशी पारखायची, ते आज बोलू.

बचत गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि पाचवं, दप्तर अद्ययावत ठेवणं. हे पाचवं सूत्र आता बऱ्याच ठिकाणी वहीबरोबर संगणकातही आलं आहे. कोणी किती बचत केली, कोणाचं कर्ज किती फिटलं, शेवया-पापडाची बिलं, बँकेला द्यायचे कागद, आधार आणि पासबुकाच्या प्रती, सगळं त्यात असतं. आणि हे सगळं राहतं ते डिस्कमध्ये. पडदा फुटला तर नवा आणता येतो, की-बोर्ड बिघडला तर दुसरा मिळतो. डिस्क गेली तर दप्तर जातं.

आमच्या ग्रामसंघाच्या खोलीतला संगणक सुरू व्हायला सहा-सात मिनिटं घ्यायचा. बैठकीच्या दिवशी बायका रोजगार सोडून आलेल्या, आणि यादी उघडेपर्यंत सगळ्या पडद्याकडे बघत बसायच्या. नवा संगणक घ्यावा तर पैसे नाहीत. मग कळलं की जुनी डिस्क काढून एसएसडी बसवली की मशीन पळायला लागतं.

एका दुकानात विचारलं. त्यांनी बाजारातली सगळ्यात वेगवान एसएसडी दाखवली. खेळ खेळणारी पोरं घेतात तसली, वर ॲल्युमिनियमचं झाकण असलेली. बैठकीत दोन मतं पडली. तरुण मुली म्हणाल्या, घ्यायची तर सगळ्यात भारीच घेऊ. एक मावशी म्हणाल्या, "अगं, वह्या आहेत की आपल्या, एवढा खर्च कशाला?" दोन्ही म्हणण्यांत तथ्य होतं. म्हणून ठरलं की आधी समजून घ्यायचं, मग पैसे काढायचे. त्यातून जे समजलं ते आता सांगते. वही-पेन जवळ घ्या.

पहिली गोष्ट, आजार नेमका कुठं आहे ते बघायचं. स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणा. प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारी बाई. रॅम म्हणजे ओटा, काम करताना जे लागतं ते मांडायची जागा. डिस्क म्हणजे फडताळ, जिथं सगळं सामान भरून ठेवलेलं असतं. बाई कितीही चपळ असली, तरी फडताळातला डबा सापडायला पाच मिनिटं लागली तर स्वयंपाक रेंगाळतोच. पण ओटाच लहान असेल, तर नुसतं फडताळ बदलून भागत नाही.

हे तपासायला पैसे लागत नाहीत. विंडोज असलेल्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात डिस्क बराच वेळ शंभर टक्क्यांवर अडकलेली दिसली, तर फडताळ हळू आहे. मेमरी सतत भरलेली दिसली, तर रॅम वाढवायला हवी. रॅम ४ जीबी असेल तर ८ जीबी करण्याचा विचार डिस्कच्या बरोबरीनेच करा. आणि नुसतीच सरकारी वेबसाईट फिरत बसत असेल, तर दोष इंटरनेटचा असेल. त्याला डिस्क काही करू शकत नाही.

दुसरी गोष्ट, जुनी हार्ड डिस्क आणि एसएसडी यांत फरक काय. हार्ड डिस्कमध्ये तबकड्या असतात, मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणाऱ्या. त्यावर एक दांडी इकडून तिकडे सरकत माहिती वाचते. ही पद्धत फार जुनी आहे. आयबीएम कंपनीनं १९५६ साली असं पहिलं यंत्र विकायला काढलं. कपाटाएवढ्या त्या यंत्रात ५० तबकड्या होत्या आणि मावायची फक्त ५० लाख अक्षरं. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं. मोबाईलमध्ये, पेनड्राइव्हमध्ये असते तसल्या जातीची चिप असते. संगणक सुरू होताना हजारो बारीक बारीक फायली इकडून तिकडून उचलाव्या लागतात. हार्ड डिस्कची दांडी सेकंदाला अशा शंभरेक जागा गाठते. एसएसडी हजारोंनी गाठते. म्हणून साधी एसएसडी बसवली तरी जुना संगणक एकदम हलका वाटतो.

आता मुद्द्यावर येऊ. एसएसडी कोणती?

बाजारात मुख्यतः दोन जाती आहेत. एक साटा. दिसायला पत्त्यांच्या कॅटएवढी चपटी डबी, अडीच इंची म्हणतात. ती सेकंदाला जास्तीत जास्त साडेपाचशे एमबीच्या आसपास माहिती वाचते. दुसरी एनव्हीएमई. ही च्युइंगमच्या पट्टीसारखी असते, साधारण २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. मदरबोर्डवर एम डॉट टू नावाची खाच असते, तिच्यात ती थेट बसते. हिच्यात पिढ्या आहेत. तिसऱ्या पिढीची साडेतीन हजार एमबीपर्यंत जाते. चौथ्या पिढीची सात हजारांपर्यंत, उदाहरणार्थ सॅमसंगच्या ९९० प्रोच्या खोक्यावर ७४५० लिहिलेलं असतं. पाचवी पिढी त्याच्याही पुढे.

आकडे ऐकून वाटतं, सात हजारवालीच घ्यावी. पण आपल्या जळकोटवरून सोलापूर-हैदराबाद महामार्ग जातो. गाडी किती पळणारी आहे ते त्या महामार्गावर कळतं. तीच गाडी शेताच्या पांदणीत घातली तर बैलगाडीच्या मागेच चालणार. डिस्कचं तसंच आहे. चौथ्या पिढीची पट्टी तिसऱ्या पिढीच्या खाचेत चालते, पण तिसऱ्या पिढीच्याच वेगानं. आणि खाचच नसेल तर बसतच नाही.

आम्ही संगणक बंद करून, वायर काढून, बाजूची झाकणपट्टी उघडायला लावली. आमच्या मशीनला एम डॉट टू खाच नव्हतीच. म्हणजे दुकानात दाखवलेली ती भारी पट्टी घेतली असती, तर ती लावायला जागाच नव्हती. आमच्यापुरता प्रश्न तिथंच सुटला. साटा घ्यायची.

तुमच्या मशीनला खाच असली तरी एक सावधगिरी बाळगा. एम डॉट टूच्या आकारात साटाही येते आणि एनव्हीएमईही येते. दोन्ही सारख्याच दिसतात. कोणती चालेल ते संगणकाच्या किंवा मदरबोर्डच्या मॉडेल नंबरवरून कंपनीच्या वेबसाईटवर कळतं. मॉडेल नंबर स्टिकरवर असतो, त्याचा फोटो काढून न्या. आणि दोन्ही चालत असतील, भावही जवळपास सारखा असेल, तर एनव्हीएमई खुशाल घ्या. तिसऱ्या पिढीची असली तरी आपल्या कामाला पुष्कळ. यादी उघडणं, बिल छापणं, अर्ज भरणं यात साटा आणि एनव्हीएमईमधला फरक आपल्या डोळ्यांना फारसा दिसत नाही.

मग ती वेगवान डिस्क लागते कोणाला? लग्नाचे व्हिडिओ जोडणाऱ्यांना, मोठमोठ्या फायली दिवसभर इकडून तिकडे करणाऱ्यांना. उद्या आपल्या गटातल्या मुलींनी आपल्या मालाचे व्हिडिओ करायला घेतले आणि नवं मशीन आलं, तर तेव्हा चौथ्या पिढीचा विचार करू. तोपर्यंत तो पैसा दुसरीकडे जास्त उपयोगी पडेल. कुठं, ते पुढे सांगते.

तिसरी गोष्ट टिकाऊपणाची. पाटीवर लिहून पुसून, लिहून पुसून पाटी गुळगुळीत होते ना? एसएसडीच्या चिपचंही तसंच आहे. किती लिहिलं म्हणजे ती झिजेल, याचा आकडा कंपनी देते. त्याला टीबीडब्ल्यू म्हणतात. चिपच्या एका कप्प्यात तीन बिट भरले तर ती टीएलसी, चार भरले तर क्यूएलसी. चारवाली स्वस्त पडते, पण लवकर झिजते, आणि एकदम मोठी फाईल टाकली की मध्येच मंदावते.

एक उदाहरण देते. सॅमसंगच्या दोन साटा डिस्क घ्या, ८७० ईव्हीओ आणि ८७० क्यूव्हीओ. दोन्ही १ टीबीच्या. वाचण्याचा वेग दोन्हींचा ५६० एमबी. पण ईव्हीओला कंपनी ६०० टीबीडब्ल्यू आणि ५ वर्षं वॉरंटी देते, क्यूव्हीओला ३६० टीबीडब्ल्यू आणि ३ वर्षं. खोक्यावरचा वेग सारखा, आतला माल वेगळा. हे दुकानात कोणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं. खोक्यावर टीएलसी हा शब्दच सापडेल असंही नाही. सॅमसंग त्यालाच तीन बिटांची एमएलसी म्हणते. म्हणून मॉडेलचं पूर्ण नाव घ्या आणि वॉरंटीची वर्षं व टीबीडब्ल्यू हे दोन आकडे बघा.

या आकड्यांना घाबरायचंही कारण नाही. ५०० जीबीच्या ८७० ईव्हीओला ३०० टीबीडब्ल्यू आहे. रोज २० जीबी लिहिलं, म्हणजे आपल्या गटाच्या कामाच्या कितीतरी पट, तरी ३०० टीबी संपायला १५ हजार दिवस लागतील. म्हणजे ४१ वर्षं. तेवढ्यात संगणकाचे बाकीचे भाग कधीच मोडीत निघालेले असतील. पण वॉरंटी ५ वर्षं म्हणजे ५ वर्षं किंवा तेवढं लिहून होईपर्यंत, जे आधी होईल ते.

चौथी गोष्ट, केवढी घ्यायची. नुसत्या हिशोबाला २५० जीबीसुद्धा चालते. फोटो, स्कॅन केलेले कागद असतील तर ५०० जीबीच्या आसपासची घ्या. डिस्क काठोकाठ भरायची नाही, पाचवा हिस्सा तरी मोकळा ठेवायचा, नाहीतर ती मंदावते. आणि ५१२ जीबीची डिस्क विंडोजवर ४७६ दिसली, तर दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. माल तेवढाच असतो, मापं दोन.

मात्र खरी फसवणूक वेगळी असते. मोबाईलवर जाहिरात येते, १६ टीबीची एसएसडी काहीशे रुपयांत. मैत्रिणींनो, एवढ्या पैशांत ती कोणीही देऊ शकत नाही. आत लहानशी चिप असते आणि संगणकाला खोटा आकडा दाखवायला शिकवलेलं असतं. फायली टाकताना जातात, उघडायला गेलं की सापडत नाहीत. म्हणून पक्कं बिल घ्या, जीएसटी क्रमांकाचं, ग्रामसंघाच्या नावानं, त्यावर डिस्कचा सिरियल नंबर लिहिलेला. तो नंबर खोक्यावरच्या आणि डिस्कवरच्या नंबराशी जुळवा. बसवल्यावर क्रिस्टल डिस्क इन्फो या फुकट प्रोग्रॅमवर ती किती तास चालली आहे ते दिसतं. नव्या म्हणून दिलेल्या डिस्कवर शेकडो तास दिसले, तर ती वापरलेली आहे. दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५ आहे.

आता डिस्क घेण्याआधीचा एक प्रश्न. विंडोज १० ला कंपनीनं द्यायची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ जुन्या मशीनवर बसत नाही. त्याला टीपीएम २.० लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. आमच्या मशीनवर ती बसत नव्हती. आमचं काम तक्ते आणि पत्रं एवढंच, म्हणून आम्ही नव्या डिस्कवर लिनक्स मिंट आणि लिबर ऑफिस घेतलं. दोन्ही फुकट आहेत, मराठीत लिहिता येतं. मुलींचा हात आठवडाभरात बसला. तुमच्याकडे टॅलीसारखं काही चालत असेल, तर आधी विचारून घ्या, ते लिनक्सवर सरळ चालत नाही.

आम्ही शेवटी ५०० जीबीची साटा घेतली, ५ वर्षं वॉरंटीची. अडीच इंची डबी मोठ्या मशीनमध्ये नीट बसावी म्हणून एक पट्टी लागते आणि साटाची केबल लागते, तीही बिलात घालून घेतली. आता संगणक अर्ध्या मिनिटाच्या आत सुरू होतो. आणि त्या भारी पट्टीचे पैसे वाचले, त्यातून यूपीएसची बॅटरी बदलली आणि दुसरी प्रत ठेवायची सोय केली.

ही दुसरी प्रत म्हणजे आजच्या बोलण्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. वेगवान डिस्क म्हणजे सुरक्षित डिस्क, असं नाही. हार्ड डिस्क बिघडायला लागली की बऱ्याचदा टकटक आवाज करते, हळू होते. एसएसडी कधी कधी काहीच न सांगता बंद पडते, आणि तिच्यातून माहिती काढणं फार अवघड जातं. फाईल लिहीत असताना लाईट गेली तर ती फाईल खराब होऊ शकते, कारण या साध्या डिस्कमध्ये लाईट गेल्यावर काम पुरं करण्याइतकी वीज साठवायची सोय बहुधा नसते. म्हणून यूपीएस हवा, आणि प्रती हव्यात.

नियम सोपा आहे. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या वस्तूंवर, एक दुसऱ्या घरात. पहिली प्रत संगणकात. दुसरी आमच्या जुन्या हार्ड डिस्कवर. ती तपासली, ठीक निघाली, म्हणून तिला यूएसबीची पेटी लावली. दर बैठकीनंतर तिच्यावर प्रत घेतो आणि ती कोषाध्यक्षांच्या घरी कपाटात कुलपात राहते, पासवर्ड घालून. तिसरी पेनड्राइव्हवर, सचिवांकडे, तिलाही पासवर्ड. वर्षानुवर्षं कपाटात ठेवायला एसएसडी किंवा पेनड्राइव्हवर एकट्यावर भरवसा ठेवू नका. वीज न मिळता फार काळ पडून राहिली तर तिच्यातली माहिती विरत जाते. महिन्यातून एकदा तरी लावून, दोन फायली उघडून बघा. उघडून न बघितलेली प्रत नुसती समजूत असते.

आणि मावशींनी विचारलं होतं, वह्या आहेत की. वह्या राहणारच. सह्या आणि अंगठे वहीतच होतात, संगणकात नाही. संगणक शोधायला आणि बेरजेला, वही साक्षीला. दोन्ही बहिणी एकमेकींना सांभाळतात.

अजून एक गोष्ट सांगायलाच हवी. जुनी डिस्क दुकानात सोडून येऊ नका. "राहू द्या ताई, भंगारच आहे" असं म्हटलं तरी नाही. त्या भंगारात आपल्या सगळ्यांचे आधार क्रमांक असतात, खाते क्रमांक असतात, कोणाचं कर्ज थकलंय, कोणी कशासाठी उचल घेतली, हे सगळं असतं. कोणी मुलीच्या बाळंतपणाला घेतली असेल, कोणी नवऱ्याला न सांगता पोराच्या फीसाठी. गटात सांगितलेलं गटातच राहतं, या भरवशावर बायका बोलतात. फाईल नुसती डिलीट केली तर ती हार्ड डिस्कवरून खरी पुसली जात नाही, परत काढता येते. वापरायची नसेल तर जाणकाराकडून पूर्ण पुसून घ्या, समोर बसून. बिघडलेली असेल तर समोर तबकडी फोडून घ्या.

आता वहीत उतरून घ्या. दुकानात विचारायचे सात प्रश्न.

एक, आमच्या या मॉडेलला साटा चालते की एनव्हीएमई, आणि कितव्या पिढीची?
दोन, डिस्कचं पूर्ण नाव आणि मॉडेल काय?
तीन, टीएलसी की क्यूएलसी?
चार, वॉरंटी किती वर्षं आणि टीबीडब्ल्यू किती?
पाच, बिघडली तर नेऊन कुठं द्यायची, तुमच्याकडे की कंपनीकडे?
सहा, केबल, पट्टी, बसवणं आणि जुनी माहिती नव्यावर घेणं धरून एकूण किती?
सात, जुनी डिस्क आमच्या हातात परत देणार ना?

उत्तरं दोन-तीन दुकानांतून लेखी घ्या, नळदुर्गला, तुळजापूरला, कोणी सोलापूरला जाणार असेल तर तिथूनही. भाव रोज बदलतात, म्हणून एकाच आठवड्यातले घ्या. ते बैठकीत वाचून दाखवा. ठरावात मॉडेलचं नाव, किंमत आणि दुसरी प्रत कोणाकडे राहणार तिचं नाव, तिन्ही लिहा. उद्या पदाधिकारी बदलल्या तरी नव्या बाईला कळलं पाहिजे की दप्तर कुठं कुठं आहे.

तुमच्यापैकी ज्यांच्याकडे संगणक आहे त्यांनी पुढच्या बैठकीआधी दोनच कामं करा. टास्क मॅनेजर उघडून डिस्क बघा, आणि आज एक प्रत घ्या. डिस्क घ्यायला पुढच्या महिन्यापर्यंत थांबलं तर चालेल. प्रतीला थांबू नका.

तुमचे प्रश्न बैठकीत सीआरपी ताईंकडे द्या, पुढच्या वेळी त्यांची उत्तरं घेऊन येऊ.